टीएलआर-४ ची अँटीबॉडी: ७० चा बँड खरा की १२० चा? ऑर्डर द्यायच्या आधी सांगा

परळची_प्राजू

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, ग्रँटच्या पैशाचा प्रश्न आहे आणि थीसिसचाही.

मी परळला पीएचडी करतेय, विषय लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, लेप्टोस्पायरा जंतूने येणारा आजार). पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेले लोक तापाने ॲडमिट होतात ना, त्यांच्या रक्तातल्या मोनोसाइट्सवर (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) टीएलआर-४, म्हणजे जंतूंची चाहूल घेणारा रिसेप्टर, किती दिसतो आणि आजार चढतो तसा तो वाढतो का कमी होतो हे बघायचंय. पेशंटच्या सॅम्पलला हात लावायच्या आधी सगळं टीएचपी-१ वर (लॅबमध्ये वाढवतात त्या मोनोसाइटसारख्या पेशी) बसवून घे असं सरांनी सांगितलं, म्हणून पुण्याहून एनसीसीएस या पेशीसंशोधन संस्थेतून पेशी आणल्या, फ्लास्क काठोकाठ मीडियाने भरून पॅराफिल्म गुंडाळून ट्रेनमध्ये मांडीवर धरून, इथे येऊन छान वाढल्या, पीएमए हे रसायन देऊन चिकटवल्या, पेशी फोडून लायसेट केलं आणि वेस्टर्न लावला (प्रोटीन्स जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीने बँड बघतात तो).

अँटीबॉडी सशाची पॉलीक्लोनल आहे, लॅबमध्ये आधीपासून होती. डेटाशीटवर लिहिलंय ९५ किलोडाल्टन. मला ९५ ला काहीच नाही. ७० च्या मार्करच्या जरा खाली एक दणदणीत काळा बँड आणि वर १२० च्या आसपास ओल्या कागदावर शाई पसरावी तसा पुसट फराटा, तो पण एक्सपोजर वाढवलं तरच. लॅबमधल्या सीनियरचं म्हणणं असं की ७० वालाच आपला, रिसेप्टर तुटून झालेला तुकडा असणार, तेवढा भाग क्रॉप करून फिगरमध्ये टाक आणि पुढे जा.

मला ते पटत नाहीये. कारण शेजारच्या लॅबमधून मागून आणलेलं एचईके-२९३ चं (माणसाच्या किडनीपासून आलेल्या लॅबमधल्या पेशी) लायसेट मी त्याच जेलवर बाजूच्या लेनमध्ये घातलं होतं आणि त्यातही तोच ७० चा बँड आहे, तेवढाच जाड. फराटा मात्र एचईकेमध्ये नाही.

फ्लोचं (फ्लो सायटोमेट्री, एकेका पेशीवरची चमक मोजतात ती) वेगळंच. एका मैत्रिणीकडून एचटीए१२५ क्लोन (टीएलआर-४ ची एक ठरावीक अँटीबॉडी), पीई हा चमकणारा रंग लावलेला, थोडासा मिळाला, तो टीएचपी-१ ना लावला तर अख्खं शिखर उजवीकडे सरकलं, नव्वद टक्क्यांच्या वर पॉझिटिव्ह. सर खूश आहेत. पण तुलना फक्त अनस्टेन्डशी आहे, आयसोटाइप कंट्रोल (त्याच जातीची पण टीएलआर-४ ला न चिकटणारी अँटीबॉडी) आमच्याकडे नाही.

तर विचारायचं हे की वेस्टर्नमधला खरा कुठला, फ्लोवर विश्वास ठेवू का, आणि एकच अँटीबॉडी घ्यायला मिळणार असेल तर कुठला क्लोन घेऊ. बाहेरून येते, चाळीस हजाराच्या घरात जाते, यायला दीड महिना, चुकीची आली तर या वर्षी परत मागता येणार नाही. उणे वीसच्या फ्रीझरमध्ये एका जुन्या डब्यात एमटीएस५१० नावाच्या दुसऱ्या क्लोनची पीई पण सापडलीय, ती चालेल का?

खारघरचा_वारा

प्राजू, तुझं उत्तर तुझ्याच जेलवर आहे. एचईके-२९३ मध्ये टीएलआर-४ नसतो, त्याचे मदतनीस म्हणजे एमडी-२ नसतो, सीडी-१४ पण नसतो, म्हणूनच तर जगभर लोक त्या पेशींमध्ये हे तिन्ही बाहेरून घालून एलपीएसचे (जंतूंच्या आवरणातला, टीएलआर-४ ला जागं करणारा पदार्थ) प्रयोग करतात. ज्या पेशीत रिसेप्टर नाही तिच्यात जो बँड तेवढाच जाड येतो तो रिसेप्टर नाही. ७० वाला दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोटीनचा आहे, तुझ्या सशाच्या सीरममध्ये त्याला चिकटणारं काहीतरी आहे, बस. तो क्रॉप करून टाकू नकोस, मनापासून सांगतोय, असे बँड नंतर दुसऱ्या कोणाच्यातरी थीसिसमध्ये 'आधी छापलेलं' म्हणून येतात आणि मग ते काढायला वर्षं जातात.

आता फराट्याचं. माणसाच्या टीएलआर-४ मध्ये ८३९ अमिनो ॲसिड्स, त्याचं नुसतं हिशोबाने वजन ९५-९६ किलोडाल्टन येतं, डेटाशीटवाल्यांनी तेच छापलंय. पण पेशीत तो नुसता नसतो. बाहेरच्या भागावर एन-ग्लायकोसिलेशनच्या ९ जागा आहेत, तिथे साखरेच्या साखळ्या चढतात आणि जेलवर तो १२०-१३० ला जाऊन बसतो. आणि प्रत्येक रेणूवर साखर अगदी सारखी चढत नाही म्हणून नीट रेघ न येता पसरट येतो. पेशीच्या आत अर्धवट साखर चढलेला ११० च्या आसपासचा आणि पृष्ठभागावर पोचलेला १३० च्या आसपासचा अशी दोन रूपं दाखवलेली आहेत, तेव्हा नीट वेगळं झालं तर तुला दोन पण दिसतील. म्हणजे तू ज्याला कचरा समजतेयस तोच तुझा उमेदवार. उमेदवार म्हणतोय, सिद्ध अजून झालेला नाही.

सिद्ध करायला पीएनजीएज-एफ, म्हणजे प्रोटीनवरची साखर कापणारं एन्झाइम, लाव. महाग काम नाहीये, ज्यांच्याकडे ग्लायकोप्रोटीनचं काम चालतं त्यांच्याकडे वायल असतेच, दोन-चार मायक्रोलिटर कोणीही देईल. वीसेक मायक्रोग्रॅम लायसेट घे, प्रोटीन उलगडायला एसडीएस आणि डीटीटी घालून १०० डिग्रीला १० मिनिटं उकळ, गार कर, मग एनपी-४० हा सौम्य डिटर्जंट घाल आणि मगच एन्झाइम. ही एनपी-४० ची पायरी गाळू नकोस, कारण एसडीएस त्या एन्झाइमला मारतं आणि एनपी-४० ते एसडीएस स्वतःत गुंडाळून घेतं. ३७ डिग्रीला एक तास. शेजारच्या ट्यूबमध्ये सगळं तसंच, फक्त एन्झाइमच्या जागी पाणी. दोन्ही ८ टक्क्यांच्या जेलवर शेजारी शेजारी चालव, ३५ च्या खालचं सगळं वाहून गेलं तरी चालेल, वरचा भाग मोकळा व्हायला हवा. साखर निघाली की खरा टीएलआर-४ खाली सरकून ९५ च्या आसपास यायला पाहिजे आणि जरा घट्टही व्हायला पाहिजे. ७० वाला जागेवरून हलणार नाही असा माझा अंदाज.

पण एवढ्याने पूर्ण होत नाही, पेशीत साखर चढलेली प्रोटीन्स भरपूर असतात. शेवटचा पुरावा जीन काढून टाकल्यावर बँड जातो का हाच. टीएलआर-४ नॉकआउट टीएचपी-१ विकत मिळतात पण तुझ्या बजेटमध्ये नाहीत. त्यामुळे उलट बाजूने जा, ज्या एचईकेमध्ये टीएलआर-४, एमडी-२ आणि सीडी-१४ घातलेत त्या पेशी मिळव. साध्या एचईकेमध्ये फराटा नाही आणि या एचईकेमध्ये आहे असं झालं की बरंच काम झालं.

फ्लोकट्टा

वरच्या सरांनी वेस्टर्नचं सांगितलंच आहे, मी फक्त फ्लोबद्दल बोलते, आणि प्राजू हे शांतपणे वाच कारण मला हा भाग वेस्टर्नपेक्षा जास्त धोक्याचा वाटतोय.

एचटीए१२५ ही उंदराची, आयजीजी-२ए जातीची अँटीबॉडी आहे. मोनोसाइट्सवर आणि टीएचपी-१ वर सीडी-६४ असतो, म्हणजे एफसी-गॅमा रिसेप्टर-१, आणि तो उंदराच्या आयजीजी-२ए ला मागच्या बाजूने, म्हणजे एफसी टोकाला, घट्ट धरतो. त्या अँटीबॉडीचं पुढचं टोक कशावर बसतं याच्याशी त्याचं काही घेणंदेणं नाही. म्हणजे तुझ्या नव्वद टक्क्यांत टीएलआर-४ किती आणि सीडी-६४ किती हे आत्ताच्या डेटावरून कोणीच सांगू शकत नाही. मला विचारशील तर मला तो शिफ्ट बघूनच शंका येतेय, कारण मोनोसाइटच्या पृष्ठभागावर टीएलआर-४ फार थोडा असतो, पीईसारखा चमकदार रंग लावूनसुद्धा शिखर जेमतेम खांदा हलवल्यासारखं सरकतं. अख्खं शिखर सरकलं की मी आधी एफसीचा विचार करते.

आणि आता खरी गोम. तू पेशंट घेणार आहेस. ताप आला, इन्फेक्शन झालं, इंटरफेरॉन गॅमा वाढला की मोनोसाइट्सवर सीडी-६४ वाढतो. न्यूट्रोफिलवरचा सीडी-६४ तर इन्फेक्शनचा मार्कर म्हणूनच मोजतात. म्हणजे तू एफसी ब्लॉक न करता आयजीजी-२ए वापरलीस तर आजार जितका जास्त तितका सिग्नल जास्त, ग्राफ सुंदर येईल, पी व्हॅल्यू पण येईल आणि त्यात टीएलआर-४ चा एक रेणू नसला तरी तो ग्राफ तसाच येईल. तुझ्या प्रश्नाचं जे उत्तर तुला हवंय तेच ही चूक तयार करून देते, म्हणून ती पकडली जात नाही. बाकी काही विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस.

करायचं काय: अँटीबॉडी घालायच्या आधी माणसाच्या आयजीजीने किंवा विकतच्या ह्युमन एफसी ब्लॉकने १०-१५ मिनिटं ब्लॉक कर आणि न धुता पुढे स्टेन कर. उंदरांच्या कामात वापरतात ती २.४जी२ इथे घालू नकोस, ती उंदराच्या सीडी-१६ आणि सीडी-३२ साठी आहे, माणसाच्या पेशींवर उपयोग नाही. आयसोटाइप कंट्रोल घेताना तोही आयजीजी-२ए, तोही पीई, तेवढ्याच मायक्रोग्रॅमला, शक्यतो त्याच कंपनीचा, नाहीतर एका अँटीबॉडीवर पीईचा एक रेणू आणि दुसरीवर दोन असं झालं की तुलनाच होत नाही. मेलेल्या पेशी बाजूला काढायला व्हायेबिलिटी डाय लाव, मेलेली पेशी सगळंच धरते.

पीएमए दिलेल्या पेशी घट्ट चिकटतात म्हणून ट्रिप्सिन लावायचा मोह होतो, नको, ट्रिप्सिन बाहेरचे रिसेप्टर कापतं. थंडगार पीबीएस-ईडीटीए घालून बर्फावर ठेव आणि हळूच स्क्रेप कर. स्टेनिंग बर्फावरच, नाहीतर रिसेप्टर आत ओढला जातो. एफआयटीसी घेऊ नकोस, मॅक्रोफेज स्वतःच हिरवे चमकतात.

आणि त्या जुन्या डब्यातली एमटीएस५१० पीई फेकून दे. पीई आणि एपीसी लावलेल्या अँटीबॉडी गोठवायच्या नसतात, ४ डिग्रीला अंधारात ठेवायच्या. उणे वीसला राहिलेली पीई गेली.

अंधेरी_ईस्ट_कोल्डचेन

मी सायंटिस्ट नाही, रिएजंट इम्पोर्टच्या कामात आहे, तेवढंच बोलतो. ऑर्डर देताना डिस्ट्रिब्युटरला स्पष्ट लिहून दे की शिपमेंट सहारला विमानतळावर शुक्रवारी-शनिवारी उतरता कामा नये, शनिवार-रविवार मध्ये आला की थर्माकोलच्या बॉक्समधले जेल पॅक गार राहतीलच याची खात्री कोण देणार. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरची हीट असेल तर जास्त जेल पॅक मागून घ्यायचे, मागितले की देतात. बॉक्स आला की सही करायच्या आधी उघडून बघायचा, जेल पॅक हाताला गार लागतात का, फोटो काढायचा, वायलवरचा लॉट नंबर फोटोत आला पाहिजे. क्लेम करायचा झाला तर हाच फोटो उपयोगी पडतो.

बऱ्याच अँटीबॉडीचं २५ मायक्रोग्रॅमचं छोटं पॅक असतं, कॅटलॉगमध्ये खाली असतं आणि सेल्सवाला स्वतःहून सांगत नाही, विचारायचं. आणि पॉलीक्लोनल परत मागवलीत तर लॉट बदलला की ससा बदलला असं समजून चाला, कॅटलॉग नंबर तोच असला तरी.

परळची_प्राजू

खूप खूप आभार सगळ्यांचे, मी हे प्रिंट काढून सरांना दाखवणार आहे. सीडी-६४ चं वाचून मला झोप लागली नाही कारण माझा सिनॉप्सिसमधला हायपोथिसिस अक्षरशः तोच आहे, 'तीव्र आजारात टीएलआर-४ वाढलेला असेल'.

पीएनजीएज-एफ मिळालं, आजच लावतेय. एमटीएस५१० बद्दल अजून एक, फ्लोकट्टा ताई म्हणतात ती गेली, ते कळलं, पण नवीन घेतली तर? सर म्हणतात त्यांच्या ओळखीच्या दोन ग्रुपनी एमटीएस५१० वापरून चांगले पेपर काढलेत, शिवाय सी३एच/एचईजे उंदीर त्यांच्याकडे निगेटिव्ह कंट्रोल म्हणून आहेत, मागता येतील. तेवढं कोणी सांगेल का?

दादर_टीटी

प्राजू, मी या विषयात बरीच वर्षं काढली आहेत, आता शिकवतो. सरांचा मान ठेवून सांगतो, दोन्ही गोष्टी तुझ्या कामाच्या नाहीत, आणि का नाहीत ते समजून घे म्हणजे पुढे कुठलीही अँटीबॉडी निवडताना उपयोग होईल.

एमटीएस५१० ही उंदराच्या टीएलआर-४ विरुद्ध केलेली आहे, रॅट अँटीबॉडी आहे, माणसाच्या पेशींवर ती बसत नाही. तुझे पेशंट माणसं आहेत, विषय तिथेच संपतो. पण तिची गंमत अशी की ती टीएलआर-४ आणि एमडी-२ एकत्र असलेल्या रूपाला ओळखते आणि एलपीएस येऊन बसलं, दोन रिसेप्टर जोडले गेले की तिला बसायला जागा राहत नाही. म्हणून एलपीएस दिल्यावर एमटीएस५१० चा सिग्नल झपकन खाली येतो. नवीन मुलं ते बघून लिहितात की रिसेप्टर पेशीच्या आत गेला. रिसेप्टर तिथेच असू शकतो, फक्त जोडीने. आत गेला का हे बघायला एसए१५-२१ नावाचा दुसरा क्लोन लावतात, त्याला एलपीएस असण्या-नसण्याने फरक पडत नाही. दोन्ही क्लोन शेजारी शेजारी लावले की पहिल्याने जोडी किती झाली ते कळतं आणि दुसऱ्याने आत किती गेला ते. एकाच रिसेप्टरच्या दोन अँटीबॉडी दोन वेगळी उत्तरं देतात आणि दोन्ही बरोबर असतात. म्हणून 'टीएलआर-४ ची अँटीबॉडी कुठली चांगली' असं विचारू नये, मला काय मोजायचंय ते आधी ठरवावं.

आता उंदीर. सी३एच/एचईजे हे एलपीएसला दाद न देणारे उंदीर म्हणून प्रसिद्ध. १९९८ मध्ये बॉयट्लर यांच्या गटाने दाखवलं की त्यांच्यात टीएलआर-४ च्या जीनमध्ये बिघाड आहे, ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन. २०११ च्या नोबेलमागे हे काम आहे. एलपीएसचा रिसेप्टर लोक कित्येक वर्षं शोधत होते, आणि तो सापडला एका उंदराच्या वंशावळीतून, चिकाटीने जीनचा नकाशा काढत काढत, हे मला आजही वर्गात सांगताना भरून येतं. पण ती ७१२ वी जागा कुठे आहे बघ. पेशीच्या आतल्या टीआयआर भागात. म्हणजे या उंदरांत रिसेप्टर तयार होतो, बाहेरचा भाग शाबूत आहे, फक्त आतला निरोप पुढे जात नाही. अँटीबॉडी बसते बाहेरच्या भागावर. मग सी३एच/एचईजेच्या पेशीवर चांगली अँटीबॉडी लावली तर ती बसणारच! सिग्नलिंगसाठी तो उत्तम निगेटिव्ह कंट्रोल आहे, अँटीबॉडीसाठी नाही. अँटीबॉडीसाठी पाहिजे जीनच नसलेला उंदीर, म्हणजे टीएलआर-४ नॉकआउट किंवा सी५७बीएल/१०एससीसीआर, ज्याच्यात हा जीनचा भागच गळालेला आहे. मी रिव्ह्यू करताना हा घोळ पाहिला आहे, चांगल्या लोकांच्या हातून सुद्धा होतो, कारण दोन्हींना आपण सरसकट 'टीएलआर-४ डिफेक्टिव्ह' म्हणतो.

२०१६ मध्ये अँटीबॉडी तपासायचे पाच मार्ग एका आंतरराष्ट्रीय गटाने मांडले होते, त्यातला पहिला हाच, जीन काढा आणि सिग्नल जातो का बघा. बाकीचे चार म्हणजे दुसऱ्या पद्धतीने मोजून जुळतं का, वेगळ्या जागी बसणारी दुसरी अँटीबॉडी तेच सांगते का, टॅग लावलेलं प्रोटीन, आणि पकडलेलं प्रोटीन मास स्पेकवर ओळखणं. पाचही करायची गरज नाही. तुझ्या लॅबमध्ये आरएनएवर क्यूपीसीआर (जीन किती चालू आहे ते मोजायची पद्धत) होत असेल तर पीएमए आधी-नंतरचे आकडे घे आणि फराट्याची जाडी त्याच्याबरोबर हलते का बघ, फुकटात दुसरा पुरावा मिळेल.

घाटकोपर_मेडिसिन

मी फिजिशियन आहे, लॅबचं मला फार कळत नाही, पण लेप्टो दरवर्षी बघतो. २६ जुलै २००५ नंतर जे बघितलं ते विसरता येणार नाही, त्या वेळी मी रेसिडेंट होतो, पाणी उतरल्यावर दोन आठवड्यांत वॉर्ड भरायला लागले, पिवळे डोळे, लाल डोळे, पोटऱ्या दुखतायत, लघवी बंद. त्यामुळे या विषयावर कोणी काम करतंय हे वाचून बरं वाटलं. म्हणूनच विचारतो, प्राजू, टीएलआर-४ च का?

माझ्या वाचनात आहे की लेप्टोस्पायराचं एलपीएस इतर ग्रॅम-निगेटिव्हसारखं नाही. त्याच्या लिपिड-ए ला एका टोकाला फॉस्फेटवर मिथाइल आहे आणि दुसऱ्या टोकाचं फॉस्फेटच नाही. माणसाचा टीएलआर-४ ते ओळखत नाही. २००१ मध्येच दाखवलंय की माणसाच्या पेशी लेप्टोच्या एलपीएसला टीएलआर-२ या त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या रिसेप्टरमधून प्रतिसाद देतात, सीडी-१४ च्या मदतीने. उंदराचा टीएलआर-४ मात्र ते ओळखतो. घुशी-उंदीर हा जंतू अंगात घेऊन मजेत फिरतात आणि माणूस डायलिसिसवर जातो, त्यामागे हेही एक कारण असावं असं मानतात. मग तुम्ही एकच अँटीबॉडी घेणार असाल आणि माणसाच्या मोनोसाइटवर लेप्टोचा परिणाम बघणार असाल तर आधी टीएलआर-२ ची नको का?

दुसरं, सॅम्पलचं. आमच्याकडे पेशंट पोचतो तेव्हा बहुतेकांना बाहेर कुठेतरी डॉक्सीसायक्लिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन सुरू झालेलं असतं आणि ताप पाचव्या-सहाव्या दिवसावर असतो. किती दिवसांचा ताप आणि औषध कधी सुरू झालं हे फॉर्मवर लिहून घ्यालच, नाहीतर कुठलाही रिसेप्टर मोजा, अर्थ लागणार नाही. आणि रक्त गरम वॉर्डमध्ये ट्रेवर पडून राहतं हे वॉर्डातलं वास्तव आहे, स्वतः उभं राहून घेऊन जा.

फ्लोकट्टा

डॉक्टर, तुम्ही मुद्द्याचं बोललात, मी तर फक्त क्लोन बघत बसले होते.

प्राजू, टीएलआर-२ घ्यायची ठरली तर टी२.५ क्लोन बघ. टीएलआर-२ नसलेल्या उंदरांना टोचून तयार केलेली आहे, त्यामुळे उंदराची अँटीबॉडी असून उंदराचा आणि माणसाचा दोन्ही टीएलआर-२ ओळखते, आणि ती आयजीजी-१ आहे. सीडी-६४ उंदराच्या आयजीजी-१ ला जवळजवळ धरत नाही, म्हणजे तुझी सगळ्यात मोठी भीती बरीच कमी झाली. एफसी ब्लॉक तरीही लावायचाच, दुसरा एफसी रिसेप्टर सीडी-३२ आहेच. टीएल२.१ पण माणसासाठी मिळते पण ती परत आयजीजी-२ए.

ती अँटीबॉडी रिसेप्टर अडवायलाही वापरता येते, पण मग वेगळी वायल लागेल, ॲझाइड नसलेली आणि एंडोटॉक्सिन कमी असलेली. साध्या वायलमध्ये सोडियम ॲझाइड असतं, ते पेशींना मारतं, आणि अँटीबॉडीतच एलपीएसचा अंश असेल तर तू टीएलआर अडवायला गेलीस आणि टीएलआर-४ चालूच करून बसलीस असं होतं. टीएलआर-४ बंद करायचाच असेल तर अँटीबॉडीपेक्षा टीएके-२४२ घे, लहान रेणू आहे, आतल्या बाजूला सिस्टीन-७४७ ला जाऊन बसतो, बराच स्वस्त आणि लॉटचा प्रश्न नाही.

परळची_प्राजू

अपडेट देतेय. पीएनजीएज-एफचा ब्लॉट आला. एन्झाइम घातलेल्या लेनमध्ये वरचा फराटा गेला आणि १०० च्या जरा खाली एक नीट रेघ आली, पाणी घातलेल्या लेनमध्ये फराटा तसाच. ७० वाला दोन्हीत जिथे होता तिथेच, केसभर हलला नाही. सीनियरला दाखवला, तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला जुने ब्लॉट पण परत काढून बघू या.

सरांशी आज बोलणं झालं. डॉक्टरांचा मुद्दा त्यांना लगेच पटला, म्हणाले सिनॉप्सिसमध्ये टीएलआर-२ मुख्य आणि टीएलआर-४ तुलनेसाठी असं बदलून आण. आता टी२.५ पीई आणि तिचा आयसोटाइप घेतोय, एफसी ब्लॉक दुसऱ्या प्रोजेक्टमधून मिळेल. टीएलआर-४ साठी एचटीए१२५ चं छोटं पॅक विचारलंय, कोटेशन यायचंय, शुक्रवारच्या शिपमेंटचं पण लिहून टाकलंय. क्यूपीसीआरचे प्रायमर लॅबमध्येच निघाले. आता फक्त टीएलआर-४ वाल्या एचईके पाहिजेत, आणि टीएलआर-२ वाल्या पण कोणाकडे असतील तर, मुंबईत कुठेही येऊन घेऊन जाईन.

खारघरचा_वारा

टीएलआर-४, एमडी-२, सीडी-१४ वाल्या आमच्याकडे लिक्विड नायट्रोजनमध्ये आहेत. सरांकडून एक मेल टाकायला सांग, मटेरियल ट्रान्सफरचा एक पानी कागद असतो तो भरून आण, मग बुधवारी ये, त्या दिवशी आम्ही टाकी उघडतो. ड्राय आइसचा डबा तू आण, हार्बरने येणार असशील तर दुपारची गाडी पकड, गर्दीत डबा सांभाळत बसू नकोस. सिलेक्शनची अँटिबायोटिक्स दोन लागतात, कुठली आणि किती ते वायलबरोबर लिहून देतो, ती बंद केलीस तर काही पॅसेजमध्ये रिसेप्टर गळून जातो आणि तुझा पॉझिटिव्ह कंट्रोल नकळत निगेटिव्ह होतो. टीएलआर-२ वाल्या आमच्याकडे नाहीत, पवईला एका ग्रुपकडे होत्या, विचारून सांगतो. ब्लॉट ठेवताना पूर्ण ठेव, न कापलेला, मार्करसकट, ७० चा बँड दिसतोय तसा दिसू दे आणि खाली लिही की हा एचईकेमध्येही येतो.